व्हिडिओ गेम आणि मुलींना दिलेले आमंत्रण

व्हिडिओ गेम हा मुलग्यांचाच छंद होय, ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत इतकी रूढ झाली होती की, मुलींना त्याकडे वळविणे हा एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला. या उद्योगाच्या इतिहासातून दोन प्रश्न उद्भवतात. मुली या खेळापासून दूर राहिल्या त्या स्वभावतः की परिस्थितीमुळे? आणि त्यांना बोलावताना नेमके कशासाठी बोलावले गेले?

प्रारंभीचा काळ उपर्युक्त समजुतीस फारसा अनुकूल नाही. १९८० साली जपानमधील नामको या कंपनीने ‘पॅक-मॅन’ हा खेळ प्रसृत केला. त्या वेळी खेळयंत्रांची दालने ही पुरुषांच्या वर्दळीची ठिकाणे होती व यंत्रांतील विषय बहुधा युद्धाचे असत. स्त्रियांनी व जोडप्यांनी तेथे यावे, या हेतूने आपण गोळीबाराऐवजी खाण्याची क्रिया निवडली, असे या खेळाचे रचनाकार तोरू इवातानी यांनी पुढे सांगितले आहे. स्त्रियांना खाण्याची आवड असते, एवढ्यावरच आधारलेल्या या कल्पनेचा तोकडेपणा उघड आहे. तथापि त्या यंत्रावर ‘स्त्रियांसाठी’ अशी पाटी नव्हती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. तो खेळ सर्वांनीच आपला मानला. याच सुमारास अमेरिकेत रोबर्टा विल्यम्स यांनी ‘मिस्टरी हाऊस’ (१९८०) रचला. अटारी कंपनीत, आपल्या विभागातील एकट्याच स्त्री-प्रोग्रामर असलेल्या डोना बेली यांनी एड लॉग यांच्यासह ‘सेंटिपीड’ तयार केला, आणि त्यास स्त्रियांकडून चांगला प्रतिसाद मिळाला. कॅरोल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ १९८२ साली प्रसिद्ध झाला. रचनाकार म्हणून स्त्रिया संख्येने थोड्या होत्या, परंतु अनुपस्थित नव्हत्या.

दार अरुंद झाले ते यानंतर. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानदार या मालास हात लावीनात. १९८५ पासून निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपले यंत्र तेथे आणले, ते खेळण्याचे रूप देऊन. खेळण्यांच्या दुकानांत मुलग्यांचा व मुलींचा विभाग निराळा असतो. नव्या मालास त्यांपैकी एकात जागा घ्यावी लागली आणि ती मुलग्यांच्या विभागात मिळाली. जाहिराती मुलग्यांना उद्देशून झाल्या, खेळ जाहिरातींना अनुरूप झाले, आणि मुली खेळत नाहीत हा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. परिणामालाच कारण मानण्याचा हा प्रकार होता. संगणकाच्या क्षेत्रातही याच काळात असेच घडले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होते. दहा वर्षांत ते ३० टक्क्यांच्या खाली उतरले.

या पार्श्वभूमीवर १९९० नंतरचे प्रयत्न पाहिले पाहिजेत. मॅटेल कंपनीचा ‘बार्बी फॅशन डिझायनर’ हा १९९६ साली विक्रीस आला व पहिल्या दोन महिन्यांतच त्याच्या ५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मुलींची बाजारपेठ आहे, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. ब्रेंडा लॉरेल यांनी त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘पर्पल मून’ या संस्थेद्वारे निराळा मार्ग धरला. मुलामुलींच्या विस्तृत मुलाखतींवरून त्यांनी शाळा, मैत्री व मनातील गोष्टी यांभोवती खेळ रचले. पहिले दोन खेळ १९९७ साली आले. १९९९ च्या आरंभी संस्था बंद पडली आणि तिची मालमत्ता मॅटेलनेच विकत घेतली.

या प्रयत्नांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. आहेत त्याच रूढ कल्पना त्यांमुळे पक्क्या होतात, असे काही स्त्रीवादी समीक्षकांचे म्हणणे होते. जस्टिन कॅसेल व हेन्री जेंकिन्स यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या ग्रंथात युद्धखेळ आवडीने खेळणाऱ्या स्त्रियांनीही आपल्या नावे गुलाबी दालन थाटण्यास हरकत घेतली आहे. लॉरेल यांची भूमिका अशी की, मुलगी आज संगणकाला हात लावणार नसेल, तर उद्याच्या व्यवसायांतूनही ती बाहेर राहील. म्हणून तिच्या आजच्या आवडीपासूनच आरंभ केला पाहिजे. हा युक्तिवाद सहज बाजूस सारता येत नाही. परंतु त्यात आवड ही घडविलेली असू शकते, याचा पुरता विचार नाही.

जपानमधील एक उदाहरण येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. कोएई कंपनीत केइको एरिकावा यांच्या पुढाकाराने मुख्यतः स्त्रियांचा एक रचनागट उभा राहिला आणि त्याने १९९४ साली ‘अँजेलिक’ हा खेळ सिद्ध केला. त्याचा विषय प्रेमकथेचाच, म्हणजे रूढच होता. पण तो ठरविणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या खेळातून पुढे एक संपूर्ण प्रकार विकसित झाला.

अलीकडील पाहण्यांत अमेरिकेतील खेळाडूंत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आढळते. स्वभावाचा सिद्धान्त त्यामुळे निकालात निघाला असे म्हणावे लागते. मात्र खेळ घडविणाऱ्यांत त्यांचे प्रमाण अद्याप बरेच कमी आहे, आणि २०१४ साली या क्षेत्रातील स्त्रियांविरुद्ध जी छळाची मोहीम उसळली, तिचा रोख बहुतांशी रचनाकार व समीक्षक स्त्रियांवर होता. ग्राहक म्हणून आलेली स्त्री खपली. निर्माती वा परीक्षक म्हणून आलेली खुपली. मुलींना दिलेल्या आमंत्रणाचे मोल ठरवावयाचे ते याच कसोटीवर.