मातृवय व नवजात अर्भकाचे आरोग्य

मातृवय व नवजात अर्भकाचे आरोग्य : प्रसूतीच्या वेळचे मातेचे वय आणि अर्भकाचे वजन, वाढ व जगण्याची शक्यता यांमधील संबंध. फार लहान वयात, तसेच पस्तिशीनंतर अर्भकाला असणारा धोका वाढतो. महाराष्ट्रात हा प्रश्न बालविवाहाच्या इतिहासाशी निगडित आहे.

आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांतच दगावला. या आघातामुळे त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले. परकीय सरकारचा हस्तक्षेप म्हणून लोकमान्य टिळकांनी त्यास विरोध केला, रा. गो. भांडारकर, गो. ग. आगरकर प्रभृतींनी पाठिंबा दिला. या वादात अर्भकाचा विचार मागेच राहिला. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९२८–२९) मात्र अकाली मातृत्वाचा संबंध माता व अर्भके यांच्या मृत्यूंशी स्पष्टपणे जोडला. मुलींचे किमान विवाहवय शारदा कायद्याने (१९२९) १४, पुढे १९४९ मध्ये १५ व १९७८ मध्ये १८ झाले.

किशोरवयीन मातेची स्वतःची वाढ अपुरी असल्याने पोषणद्रव्यांसाठी माता व गर्भ यांत जणू स्पर्धा होते. श्रोणी पुरेशी रुंदावलेली नसते. रक्तक्षयही पुष्कळदा आढळतो. परिणामी अकालप्रसव, २·५ किग्रॅ.हून कमी जन्मवजन व पहिल्या चार आठवड्यांतील मृत्यू यांचे प्रमाण वाढते. दारिद्र्य व वैद्यकीय तपासणीचा अभाव यांमुळे धोक्यात भर पडते. उत्तर वयात मातेचा मधुमेह व रक्तदाब यांचा उपद्रव अधिक असतो. डाउन लक्षणसमूहाचा संबंध पित्याच्या नव्हे, तर मातेच्या वयाशी असल्याचे एल. एस. पेनरोझ यांनी १९३३ मध्ये दाखविले. चाळिशीतील मातांत त्याचे प्रमाण सुमारे शंभर अर्भकांत एक असते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवराकाठच्या कोल्हार परिसरात साखर उद्योगाबरोबर आरोग्यसेवाही वाढली. जवळच लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तथापि राज्याच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीची उचल पतिपत्नीच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, मिळते. शिवाय स्थलांतराच्या काळात वयात आलेली मुलगी गावी ठेवणे मजूर कुटुंबांना असुरक्षित वाटते. त्यामुळे तिचे लग्न लवकर उरकले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१·९ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. विवाहवयाची मर्यादा कायद्याने वाढली, तरी मजुरीची ही रीत, मुलींचे शिक्षण व पोषण यांत सुधारणा झाल्याखेरीज अर्भकाला तिचा पुरता लाभ होत नाही.