दोन पेन्सांचं भांडण आणि गैरहजर शेतकरी

'उद्योगपती आणि कायदेमंडळ' असा विषय घेतला की आपण बंद दाराआडच्या भेटीगाठी शोधायला लागतो. पण यातलं बरंचसं उघडउघड छापलेलं असतं. 1926-27 मधला रुपयाच्या हुंडणावळीचा वाद बघा.

1925 साली नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने शिफारस केली, की रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठेवावा. आयोगाचेच एक सदस्य, मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी वेगळं मत नोंदवलं : दर 1 शिलिंग 4 पेन्सच हवा. दोन पेन्सांनी काय फरक पडतो, असं वाटेल. हिशेब करा. 16 पेन्सच्या दराने पौंडाला 15 रुपये पडतात, 18 पेन्सने 13 रुपये 5 आणे 4 पै. म्हणजे विलायती कापड इथे स्वस्त होणार आणि परदेशी विकलेल्या कापसाचे रुपये कमी हाती येणार. गिरणीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना हे कसं परवडेल?

मुंबईत 'करन्सी लीग' उभी राहिली. शिवाय इंडियन मर्चंट्स चेंबरला मध्यवर्ती विधानसभेत स्वतःची एक राखीव जागाच होती! तेव्हा दबावगट बाहेर आणि आमदार आत, ही पाठ्यपुस्तकी विभागणी इथे चालत नाही. मार्च 1927 मध्ये सरकार जिंकलं, तेही अवघ्या तीन मतांनी. त्याच वर्षी बिर्ला आणि ठाकूरदास यांच्या पुढाकाराने व्यापारी संघटनांचा देशव्यापी महासंघ, आजची 'फिक्की', स्थापन झाला.

आता खरा मुद्दा. 16 पेन्सवाल्यांचा युक्तिवाद वाचलात तर तो गिरणीचा कमी आणि शेतकऱ्याचाच जास्त दिसतो. तो साफ खोटा होता असं मी म्हणणार नाही. कापूस पिकवणाऱ्याला फटका बसणार होताच. पण तो स्वतः बोलत नव्हता, त्याच्या नावाने दुसरं कुणीतरी बोलत होतं. आणि मजुरीवर जगणाऱ्याचं काय? डॉ. आंबेडकरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. पडत्या हुंडणावळीचा नफा देशाबाहेरून येत नाही, वस्तू महागतात आणि देशातल्याच एका वर्गाकडून तो दुसऱ्याकडे जातो, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्रहित म्हणून मांडलेल्या मागणीतला वर्ग त्यांनी असा उघडा केला.

म्हणून निवेदन हातात आलं की दोन रकाने आखा : बोलतंय कोण, आणि नाव कुणाचं घेतलंय. ठाकूरदासांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत. आंबेडकरांची आयोगापुढची साक्ष महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत सहाव्या खंडात मिळेल. साक्ष आधी वाचा, मग दिल्लीचं तिकीट काढा.