जड पाण्याची शिकेकाई

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या शिवारात शिकेकाईची वेल उगवत नाही. तिला भरपूर पाऊस हवा, ओली सावली हवी आणि अंगावर चढू देणारी उंच झाडं हवीत. इथं वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. शिवारात बाभळ, बोर, ज्वारी आणि कालव्याचं पाणी पोचेल तिथं ऊस. तरीही या पट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्याला शिकेकाईच लावली. जी वस्तू रानात नाही, दाम मोजून बाजारातून आणावी लागते, ती घरात एवढी मुरली कशी? शिकेकाईची कुळकथा लिहायची तर ती वरकुट्यासारख्या कोरड्या गावातून लिहावी असं मला वाटतं, ते याच प्रश्नासाठी.

वेलीचं मूळ घर सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या दमट जंगलांत आहे. ही काटेरी महावेल बाभळीच्या गोतातली. तिची कोवळी पानं आंबट असतात. दक्षिणेत ती चिंचेसारखी स्वयंपाकात वापरतात. शेंगा वाळल्या की तपकिरी होतात, बियांच्या जागी फुगीर आणि मधे आक्रसलेल्या. सह्याद्रीतल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी माणसांनी हिरड्याबरोबर, आवळ्याबरोबर या शेंगाही काढल्या, वाळवल्या, व्यापाऱ्याला घातल्या. तिथून त्या काष्ठौषधींच्या दुकानांत आणि आठवड्याच्या बाजारांत आल्या. भीमा याच सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावते आणि पुणे जिल्हा ओलांडत इंदापूरच्या अंगाला येते. नदीच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस, खालच्या अंगाला अवर्षण. शिकेकाईही तशीच वरून खाली आली, व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून.

तिची रिठ्याशी आणि आवळ्याशी सोयरीक फार जुनी. हरियाणातल्या बनावली या हडप्पाकालीन गावाच्या उत्खननात केस धुण्याच्या अशा वनस्पती-मिश्रणाचा पुरावा मिळाला. तो साडेचार हजार वर्षांहून जुना मानतात. म्हणजे आज दुकानदार एकाच कागदात बांधून देतो तो मेळ कुणा एका आजीच्या डोक्यातून निघालेला नाही. शेकडो पिढ्यांनी तो वापरून पारखला आहे.

कोरड्या मुलखाचं स्वतःचं फळही होतं. हिंगणबेट. हिंगणाचं काटेरी झाड माळावर, बांधावर कमी पाण्यात तग धरतं. त्याच्या फळाचा गर पाण्यात चोळला की बुळबुळीत फेस धरतो. रेशमी कपडे धुवायला तो वापरत. संस्कृतातली इंगुदी ती हीच. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त इंगुदीच्या तेलाने डोकं चोपडलेल्या तपस्व्याचा उल्लेख आहे. बीचं तेल केसांना आणि गर धुण्याला, असं एकाच फळात दोन्ही. पण हिंगणाला व्यापार मिळाला नाही, शिकेकाईला मिळाला. शिकेकाईची शेंग वाळते, टिकते, पोत्यात भरता येते. हिंगणबेट ज्याच्या त्याच्या बांधापुरतं राहिलं, आणि बांध साफ झाले तसं तेही मागे पडलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याचं उत्तर विहिरीत आहे.

दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपणारं पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलत येतं. गावात त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. भाटघर धरणाच्या पाण्यावर १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरचं नशीब पालटलं. पण निचरा नसलेल्या काळ्या रानांत जादा पाणी साचलं, पाण्याबरोबर क्षार वर आले, जमिनीवर मीठ फुटलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं. पुढे बोअर आले. त्यांचं पाणीही बहुधा जडच.

अशा पाण्यात साबण हरतो. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचा क्षार. जड पाण्यातला कॅल्शियम त्याला धरतो आणि दोघांचा न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेला चिकटणारा तो करडा थर केसांवरही बसतो. केस धुतल्यावर चिकट, राठ, फणी अडकणारे होतात. त्यात साबण अल्कधर्मी. त्याने केसांवरचे बारीक खवले उचलले जातात आणि गुंता वाढतो.

शिकेकाईत आणि रिठ्यात साबण नसतो, सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक साखरेचं, ते पाण्याशी जमवून घेतं. दुसरं टोक तेलाला धरतं. मळ आणि तेल उचलायला एवढं पुरतं. कॅल्शियमशी त्याचा साका होत नाही, म्हणून जड पाण्यातही ते काम करत राहतं. शिवाय शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे केसांचे खवले बसलेले राहतात आणि केस मऊ लागतात. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता बायकांनी आपल्या पाण्याला मानवेल ते निवडलं होतं. शिकेकाई वरकुट्यात टिकली याचं खरं कारण मला यातच दिसतं.

साबण आला तेव्हा ही निवड कसोटीला लागली. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पुढच्या दशकांत साबणाची वडी खेड्यातल्या दुकानातही दिसू लागली. कपड्यांना ती आली, अंगाला आली, मग डोक्यालाही. रोजच्या अंघोळीला साबण, पण न्हाण्याला शिकेकाई, असा भेद अनेक घरांनी तरीही पाळला. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला तेल, उटणं आणि डोक्याला शिकेकाई हा क्रम मोडला नाही. पुढे गोदरेजसारख्या कंपनीने शिकेकाईच्या नावाचाच साबण काढला. साबणाला शिकेकाईचं नाव घ्यावं लागलं, यातच तिचा मान दिसतो.

युरोपातल्या लोकांनाही साबणाच्या साक्याने छळलं होतं. बर्लिनच्या हान्स श्वार्झकॉफ यांनी १९०३ मध्ये केस धुण्याची भुकटी बाजारात आणली, तीही साबणाच्या वळणाची. अमेरिकेत १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ‘ड्रीन’ आणला. त्यात साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंट होतं आणि जड पाण्यातही त्याचा साका होत नव्हता. म्हणजे आधुनिक शाम्पूने जी अडचण सोडवली, ती शेंगेने कितीतरी आधी सोडवली होती. शाम्पू आणि शिकेकाई यांना मी वैरी मानत नाही. दोघांचा सामना एकाच जड पाण्याशी होता. फरक आहे तो जोराचा. डिटर्जंट नैसर्गिक तेल जास्त ओढून नेतं, सॅपोनिन थोडं मागे ठेवतं.

खेड्यात शाम्पू पोचला तो पुडीतून. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू सुरू करून ती पुडी गावोगाव नेली. बाटली ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या हातात एका न्हाण्यापुरता शाम्पू आला. शेतावर राबून आलेल्या बाईला रात्रभर भिजवणं, उकळणं, गाळणं यातून सुटका मिळाली. ही सोय लहान नव्हती आणि तिला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. त्याच रंगनाथन यांच्या कंपनीने पुढे ‘मीरा’ या नावाने शिकेकाईची पूडही विकायला काढली.

घरी करायचं तर रीत सोपी आहे. शिकेकाई दोन वाटे, बी काढलेला रिठा एक वाटा, आवळकाठी एक वाटा. मूठभर मेथ्या घातल्या तर केसांना बुळबुळीतपणा येतो, नागरमोथा आणि गवला कचरी वासासाठी. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून पाणी काळंभोर करतं. सकाळी मंद आचेवर उकळायचं, कोमट झालं की हाताने कुस्करायचं आणि फडक्यातून गाळायचं. हे पाणी त्या दिवशीच वापरावं, ठेवलं तर आंबतं. पूड करायची तर ती वस्त्रगाळ हवी, नाहीतर कण केसांत अडकतात. गिरणीत शिकेकाई दळताना सगळे शिंकून बेजार होतात, म्हणून गिरणीवाला ती शेवटी दळतो. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. लहान मुलांना तो कमीच घालावा.

पण आपलं पाणी न ओळखता ही कृती उतरवून घेतली, तर शिकेकाईचा अर्धा गुण कळायचा राहतो. पाण्याची परीक्षा शाळकरी पोरंही करू शकतात. दोन बाटल्यांत बोअरचं पाणी घ्या. एकीत साध्या साबणाचा कीस टाका, दुसरीत रिठ्याचं पाणी. दोन्ही हलवा. पाणी जड असेल तर साबणाच्या बाटलीत पांढुरका साका धरेल, रिठ्याच्या बाटलीत फेस उभा राहील.

शिकेकाईच्या शेंगेमागे जंगल आहे आणि ती काढणारी माणसं आहेत. २००६ च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. आपण पूड घेताना त्यांच्या हाताला किती पडतं हे विचारायला हवं. वरकुट्यासारख्या गावाला स्वतःसाठीही काही करता येईल. शिकेकाई इथं येणार नाही, पण हिंगण येतं आणि दक्षिणेकडचा रिठाही कोरड्या मुलखात येतो. बांधावर हिंगण आणि शाळेच्या आवारात रिठा लावला पाहिजे. रिठा फळायला बरीच वर्षं घेतो, म्हणून तो याच पावसाळ्यात लावावा.