पिंगयाओ : जुने तटबंदी शहर आणि वेशीबाहेरचा बौद्ध वारसा

चीनच्या उत्तरेकडील शान्शी प्रांतात, तायुआन या राजधानीपासून नैऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर पिंगयाओ हे जुने शहर आहे. १९९७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. या यादीत केवळ शहर नाही, तर तटाबाहेरची झेंगुओ आणि शुआंगलिन ही दोन बौद्ध मंदिरेही आहेत. अनेक पर्यटक शहर पाहून परततात. बौद्ध उपासकांनी मात्र ही दोन मंदिरे पाहिल्याशिवाय परतू नये.

तटाच्या आतील शहर

आजचा तट मिंग राजवटीत, १३७० मध्ये उभा राहिला. त्याचा घेर ६ किलोमीटरहून अधिक, उंची सुमारे १२ मीटर असून त्याला सहा वेशी आहेत. आत अरुंद गल्ल्या, करड्या विटांचे चौसोपी वाडे आणि जुन्या पेढ्या आहेत. रिशेंगचांग ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पेढी. १८२३ च्या सुमारास रंगाच्या व्यापारातून ती निघाली. चांदी गाड्यांवर लादून नेण्याऐवजी व्यापारी येथे हुंडी घेत व दूरच्या शहरात ती वटवत. १९१४ मध्ये ही पेढी बुडाली.

व्यापार गेला, शहर मागे पडले आणि नवी बांधकामे करायला पैसा उरला नाही, म्हणूनच जुने शहर टिकले. १९८० च्या सुमारास रस्ते रुंद करण्यासाठी पाडापाडी सुरू झाली होती. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातील प्राध्यापक रुआन यिसान यांनी नवे शहर तटाबाहेर वसवण्याचा आराखडा पुढे आणला, आणि पाडापाडी थांबली.

झेंगुओ मंदिर

शहराच्या ईशान्येला सुमारे १२ किलोमीटरवर हे मंदिर आहे. येथील दहा सहस्र बुद्धांचे लाकडी सभागृह इ.स. ९६३ मधील आहे. हे साल महत्त्वाचे आहे. त्याआधी ९५५ मध्ये शेजारच्या उत्तरकालीन झोऊ (होउ झोऊ) राज्याच्या सम्राटाने ३,००० हून अधिक बौद्ध मंदिरे बंद केली होती आणि तांब्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली होती. पिंगयाओ तेव्हा उत्तर हान या छोट्या राज्यात होते. त्यामुळे तो हुकूम येथे लागू नव्हता.

छत पेलणारे लाकडी आधार खांबांच्या निम्म्याहून अधिक उंचीचे आहेत. आत बुद्ध, बोधिसत्त्व आणि शिष्यांच्या मातीच्या रंगीत मूर्ती आहेत. त्यांतील ११ मूर्ती सभागृहाच्याच काळातील मानल्या जातात. दहाव्या शतकातील अशा मंदिरमूर्ती चीनमध्ये फारच थोड्या उरल्या आहेत.

शुआंगलिन मंदिर

हे शहराच्या नैऋत्येला ६-७ किलोमीटरवर आहे. इ.स. ५७१ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाल्याची नोंद आहे. शुआंगलिन म्हणजे जुळ्या वृक्षांचे वन. कुशीनगरला ज्या दोन शालवृक्षांमध्ये तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, त्यांची आठवण या नावात आहे.

येथे माती व गवताच्या लगद्यातून घडवलेल्या २,००० हून अधिक मूर्ती आहेत. त्यांतील बहुतेक युआन व मिंग काळातील आहेत. अठरा अर्हतांपैकी प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. एक अर्हत मुका असून त्याच्या मनातले बोल डोळ्यांत साठले आहेत असे वाटते. बहुभुज ग्वानयिनची मूर्तीही येथे आहे. ग्वानयिन म्हणजे आपल्या कान्हेरी, औरंगाबाद आणि अजिंठ्याच्या लेण्यांत दिसणारा अवलोकितेश्वर. चीनमध्ये त्याला पुढे स्त्रीरूप मिळाले.

जाण्यापूर्वी

तायुआन आणि शिआन या दोन्ही शहरांतून वेगवान रेल्वेने पिंगयाओला जाता येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हवा चांगली असते, पण १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीत प्रचंड गर्दी होते. हिवाळ्यात तापमान शून्याखाली जाते. शहर पायी पाहावे, दोन्ही मंदिरांसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. मूर्तींना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये.

ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत पिंगयाओच्या तटाचा सुमारे २५ मीटरचा भाग ढासळला. दगडातील लेण्यांपेक्षा माती आणि लाकडाचा वारसा कितीतरी नाजूक असतो. राजाचा हुकूम, पाडापाडी आणि पाऊस, या सगळ्यांतून तो आपल्यापर्यंत पोहोचला, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी त्याची डागडुजी केली. आपल्या लेण्यांकडे पाहतानाही हे लक्षात ठेवायला हवे.