काट्याची साक्ष : निवृत्त बसगाड्या आणि हवेचा दाब

लांब पल्ल्याच्या प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली बस विकत घ्यायची, तिच्यातील आसने काढून तेथे बिछाने, स्वयंपाकघर आणि स्नानगृह बसवायचे आणि तिला फिरते घर बनवायचे, हा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चांगलाच रुजला. या प्रघाताच्या इतिहासात लाकूडकाम आणि सजावट यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु अशा गाडीच्या मालकाला वारंवार छळणारा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो म्हणजे चालकासमोरच्या हवेच्या दाबमापीतला काटा खरे सांगतो की खोटे. या प्रश्नाची मुळे बसपेक्षा पुष्कळ जुनी आहेत.

दाबमापी, म्हणजे गॅरेजात ज्याला गेज म्हणतात ते उपकरण, मुळात वाफेच्या बाष्पकांसाठी जन्माला आले. त्यापूर्वी दाब पाऱ्याच्या स्तंभावर मोजला जाई; मात्र चौरस इंचाला 120 पौंड इतका दाब, जो आजच्या बसच्या टाकीत सहज असतो, तो पाऱ्याने मोजायचा तर सहा मीटरहून उंच नळी उभी करावी लागते, जे चालत्या यंत्रावर अशक्य होते. पॅरिसच्या युजीन बुर्दों यांनी 1849 मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले तिने ही अडचण सोडवली. चपट्या छेदाची धातूची नळी कमानीसारखी वाकवून तिचे एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकातून दाब आत सोडला, तर नळीचा छेद गोल होऊ पाहतो आणि कमान किंचित उलगडते. जत्रेतील कागदी पिपाणी फुंकताच उलगडते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे बंद टोकाची हालचाल अगदी थोडी असते आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने ती काट्याच्या मोठ्या फेऱ्यात बदलली जाते. एडवर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी 1852 मध्ये या शोधाचे अमेरिकेतील हक्क मिळवले, आणि तेव्हापासून बाष्पकासमोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव एका काट्याच्या भरवशावर राहू लागला.

हवेच्या ब्रेकची परंपरा त्यानंतर रेल्वेत सुरू झाली. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या 1869 च्या पहिल्या रचनेत दाबलेली हवा नळातून जाऊन ब्रेक लावत असे, म्हणून नळ फुटला की ब्रेकच नाहीसा होई. 1872 च्या सुमारास त्यांनी ही रचना उलटी केली आणि नळातील दाब घटला की ब्रेक आपोआप लागावा, अशी व्यवस्था केली. रस्त्यावरील ट्रक आणि बस यांच्याकडे मात्र हवेचा ब्रेक आला तो बराच काळ पहिल्याच तत्त्वावर, म्हणजे टाकीत हवा असेल तरच ब्रेक लागेल या तत्त्वावर. 1930 मध्ये बेंडिक्स-वेस्टिंगहाऊस ही वाहनांच्या हवाई ब्रेकसाठीची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली त्या काळातील चालकाला त्यामुळे दाबमापीकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण हवा संपल्यावर स्वतःहून चाके जखडणारा स्प्रिंग ब्रेक नंतरच्या काळात आला.

जनरल मोटर्सने 1953 पासून बांधलेली पीडी-4104 आणि 1954 ते 1956 या काळात ग्रेहाऊंड कंपनीसाठी तयार झालेली दुमजली धाटणीची सीनिक्रूझर या गाड्यांनी हवेवरचा भार आणखी वाढवला. सीनिक्रूझर 1001 बांधल्या गेल्या, त्यांची लांबी 40 फूट होती, आणि सेवेतून बाहेर पडल्यावर त्यांतील अनेक गाड्यांची फिरती घरे झाली. या बसगाड्यांचे शरीर पोलादी पाट्यांवर नव्हे, तर आपल्याकडील मेकॅनिक ज्यांना बलून म्हणतात तशा हवेच्या साधनांवर तोलले जाई. म्हणजे ब्रेक आणि शरीर या दोघांनाही एकाच कॉम्प्रेसरची हवा लागे, आणि एखाद्या बलूनला भोक पडले तर काटा खाली येऊन ब्रेकचा दोष असल्याचा भास होई. तरीही सेवेत असताना हा गोंधळ चालकावर येत नसे. गाडी रोज डेपोत परतत असे, टाक्यांतले पाणी काढले जाई, आणि काट्याविषयी शंका आली तर ती मिटवणारा जाणकार हाताशी असे. काट्याची विश्वासार्हता त्याच्या मागच्या पितळी नळीत जितकी होती तितकीच या रोजच्या देखभालीत होती, ही गोष्ट या इतिहासात पुरेशी ओळखली गेलेली नाही.

1975 मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या 121 क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकाने काट्यावरील अविश्वासाला कायद्याचे रूप दिले. सेवाब्रेकच्या प्रत्येक व्यवस्थेसाठी चालकाला दिसेल असा दाबमापी असावा, असे त्यात सांगितले होतेच. शिवाय दाब 60 पौंडांखाली गेला की सतत इशारा देणारे साधन असावे आणि ते दाबमापीहून वेगळे असावे, अशीही अट होती. दोन स्वतंत्र परिपथांची रचना रूढ झाल्यामुळे एकाच तबकडीत दोन काटे असलेले दाबमापी सर्वत्र आले. त्यात बहुधा हिरवा काटा मागच्या चाकांच्या आणि तांबडा पुढच्या चाकांच्या टाकीचा दाब दाखवतो.

बसचे घर झाले की ही सारी व्यवस्था विस्कटते. जुना धातूचा फलक काढून तेथे सुंदर लाकडी फलक बसवला जातो, आणि ज्या विजेच्या मीटरांचे अर्थिंग त्या धातूतूनच होत असे ते सारे एकाच वेळी चुकीचे आकडे दाखवू लागतात. मागे इंजिनाजवळ बसवलेल्या विद्युत संवेदकाच्या आट्यांवर गळती थांबवण्यासाठी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, तर तीच पट्टी त्याचे अर्थिंग तोडू शकते. ज्या दाबमापीत नळीतून प्रत्यक्ष हवाच येते, तेथील दोष वेगळे असतात : कॉम्प्रेसरमधून आलेले तेल आणि टाकीत साचलेले पाणी बारीक नळीत शिरते, कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठते, आणि काटा आदल्या दिवशीच्या आकड्यावर खिळून राहतो. सगळी हवा सोडून दिल्यावरही काटा शून्यावर न येता दहावर थांबला, तर बुर्दों नळीने आपला मूळ आकार गमावला आहे किंवा काटा अडकला आहे, असे जाणकार समजतात.

म्हणून अशा गाड्यांच्या मालकांत जी कार्यपद्धती रूढ झाली ती एखाद्या न्यायालयीन चौकशीसारखी आहे. इशारा वाजतो आहे आणि काटा मात्र 90 दाखवतो आहे, तर दोन साक्षीदारांत मतभेद आहे; अशा वेळी गाडी उभी ठेवून, चाकांना अडण लावून, त्याच नळीवर टी-जोड घालून खात्रीचा तिसरा दाबमापी बसवला जातो. दोन्ही आकडे जुळले तर दाब खरा आहे आणि दोष इशाऱ्याच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत शोधायचा. तिसऱ्याने 50 दाखवले तर तबकडीतला काटा खोटा आहे. दाब खरोखरच उतरत असेल तर इंजिन बंद करून घड्याळ लावले जाते : व्यावसायिक चालकांच्या परीक्षेतील दंडकानुसार एकेरी वाहनात ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला दोन आणि दाबून धरलेले असताना तीन पौंडांहून अधिक हवा जाता कामा नये, आणि ती कोठून जाते हे साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दाखवतात.

हा दंडक ज्या व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेत विचारला जातो त्या परवान्याची चौकट 1986 च्या कायद्याने घालून दिली. पण खासगी फिरत्या घरांना बहुतेक राज्यांनी तिच्यातून सूट दिली आहे, आणि त्यामुळे बारा मीटर लांबीची, कित्येक टन वजनाची गाडी चालवणाऱ्या मालकाला हवेच्या ब्रेकविषयी कोणी एक प्रश्नही विचारलेला नसतो. ही सूट चिंता वाटावी अशी आहे. ज्यांना ही चिंता वाटते त्यांतील काही जण इंजिनाच्या कप्प्यात, थेट टाकीच्या तोंडावर, कोणतीही तार आणि कोणतीही लांब नळी मध्ये न ठेवता आणखी एक लहानसा बुर्दों दाबमापी बसवतात, आणि निघण्यापूर्वी मागचे दार उघडून त्याचा आकडा वाचतात, मग पुढे जाऊन चालकासमोरच्या काट्याशी तो ताडून पाहतात.