पेशींचें दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं मोडी लिपींतील कागदांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढें येतात. आजच्या भाषणाचा विषय असलेलें दप्तर मात्र आपल्या शरीरांतील पेशीच लिहीत असतात.

शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटांतील प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते पृष्ठभागावर मांडते. या तुकड्यांना पेप्टाईड म्हणतात, व ते धरून दाखविणाऱ्या रेणूंना एच. एल. ए. पहाऱ्यावरील टी-पेशी ते तपासतात, आणि त्यांत विषाणूची खूण आढळली तर त्या पेशीचा नाश करतात.

हें ज्ञान एका दिवसांत आलेलें नाहीं. १९५८ सालीं पॅरिसमध्यें झाँ दोसे यांना असा पहिला रेणू सांपडला. १९७४ सालीं कॅनबेरा येथें डोहर्टी व झिंकरनागेल यांनीं उंदरांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, टी-पेशी विषाणूला एकटा ओळखीत नाहीं. स्वतःच्या शरीराच्या रेणूसहच ओळखते. १९८७ मध्यें त्या रेणूची आकृति उलगडली व तुकडा ठेवण्याची खोबण दिसली. पुढें १९९२ सालीं व्हर्जिनिया येथें डोनाल्ड हंट यांनीं रेणूंवरून तुकडे सोडवून ते मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांत घातले. सराफाच्या कांट्याहून कितीतरी सूक्ष्म असें हें यंत्र विद्युद्भारित तुकड्याचें वस्तुमान मोजतें, तो फोडतें व कपच्यांचेंही वस्तुमान मोजतें. त्या आंकड्यांवरून मूळ तुकड्याची रचना वाचतां येते.

असे आंकडे एकत्र ठेवण्याची गरज लवकरच भासली. झूरिच येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें तयार झालेला सिस्टेएमएचसी अॅटलस २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. २०२१ मध्यें निरोगी ऊतींतील तुकड्यांचा संग्रह पुढें आला. जुन्या कागदाप्रमाणेंच जुनी मोजणीही नव्या दृष्टीनें पुन्हां वाचतां येते, हा अशा संग्रहांचा मोठा लाभ होय. कर्करोगावरील लस योजतांना कोणता तुकडा कोणत्या रेणूवर बसेल, हा अंदाज यांच्याच आधारें बांधतात.

परंतु दप्तरांत जें नाहीं, त्याचें काय? याचा धडा मुंबईनेंच जगाला दिला आहे. लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं रक्तगट सांगितले. अर्धशतकानंतर, १९५२ सालीं, डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना मुंबईत असें रक्त आढळलें, कीं जें वरकरणीं ओ गटाचें, पण ओ गटाचेंही रक्त त्याला चालत नव्हतें. रक्त सदोष नव्हतें; कोष्टक अपुरें होतें.

एच. एल. ए. चे प्रकार हजारों आहेत व समाजासमाजांत त्यांचें प्रमाण निरनिराळें असतें. आजचे संग्रह बहुतांशीं युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर उभे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांतील कोरपना तालुक्यांत गोंड व कोलाम कुटुंबें राहतात. त्यांच्या पेशी जें लिहितात त्याची नोंद दप्तरांत पुरेशी नसेल, तर दुसऱ्यांच्या आंकड्यांवर बेतलेला अंदाज त्यांच्याबाबतींत चुकण्याचा संभव अधिक.

म्हणून या दप्तराचा विस्तार ही केवळ विद्वानांची हौस नव्हे. मात्र नमुना घेतांना देणाऱ्याला त्याच्या भाषेंत हेतु समजावून त्याची संमति घेतली पाहिजे, आणि त्यांतून निघणारें औषध त्याच्या गांवापर्यंत पोंचलें पाहिजे. ज्याच्या रक्तानें पान लिहिलें, त्याला तें पान उपयोगीं पडावें, एवढाच न्याय येथें मागावयाचा आहे.