चुकत शिकलेले शास्त्र : मान्सूनच्या अंदाजाचा इतिहास आणि एल निनो



स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या भूगोलाच्या वहीत एक ओळ नक्की सापडेल : 'एल निनो म्हणजे भारतात दुष्काळ.' मी अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाची मुले मोकळ्या तासाला सराव प्रश्नपत्रिका घेऊन येतात, तेव्हा ही ओळ मला पुन्हा पुन्हा भेटते. मग मी त्यांना दोन वर्षांबद्दल विचारते. १९९७ मध्ये विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक आला होता. त्या वर्षी भारतात मान्सूनचा पाऊस किती झाला? सरासरीच्या १०२ टक्के. २००२ मधला एल निनो त्या मानाने बराच सौम्य होता. त्या वर्षी? सरासरीच्या ८१ टक्के, म्हणजे देशव्यापी दुष्काळ.

मग वहीतली ओळ चूक आहे का? पूर्ण चूक नाही, पण ती जशी लिहिली आहे तशी बरोबरही नाही. ती किती खरी आहे हे समजायला सूत्र पाठ करून भागत नाही. ती ओळ आली कुठून, हे पाहावे लागते. हा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे आणि त्यात यशापेक्षा चुकलेल्या अंदाजांनीच जास्त शिकवले आहे.

अंदाजाची गरज का पडली?

१८६४ मध्ये कलकत्त्याला मोठे चक्रीवादळ झाले. १८६६ मध्ये ओडिशात दुष्काळ पडला आणि त्यात सुमारे दहा लाख माणसे गेली. या आपत्तींनंतर देशभरातील हवामानाच्या नोंदी एका ठिकाणी आणण्याची गरज सरकारला पटली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख.

विभाग सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ चा पाऊस दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात चुकला. पुढच्या वर्षीही पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ या काळातील बळींचे अंदाज ५५ लाखांपासून सुरू होतात.

इथे परीक्षेच्या दृष्टीने एक भेद पक्का करून घ्या. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. माणसे उपासमारीने मरणे म्हणजे दुष्काळाचे दुसरे, अधिक भयंकर रूप. त्याला हवेइतकीच माणसांची धोरणे जबाबदार असतात. या काळातही भारतातून धान्याची निर्यात चालू होती. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमपर्यंत, खाली आणले गेले होते. या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला होता. पाऊस आणि भूक यांच्यामध्ये बाजार, रेल्वे, सरकार आणि गोदाम उभे असते, हे विसरू नका. लेखाच्या शेवटी आपण याकडे परत येणार आहोत.

सरकारने मात्र ब्लॅनफर्ड यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवला : पाऊस येणार की नाही, हे आधी सांगता येईल का?

हिमालयातील बर्फ

ब्लॅनफर्ड यांचा तर्क साधा होता. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले, तर जमीन उशिरा तापेल, उत्तरेकडून कोरडे वारे वाहत राहतील आणि मान्सून दुबळा पडेल. १८८२ ते १८८५ या काळात त्यांनी या आधारावर प्रायोगिक अंदाज दिले. ते बऱ्यापैकी जमले. त्यामुळे ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेशासाठी पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. ही तारीख वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

तर्क चांगला होता, पण तो एकाच कारणावर उभा होता. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरची आणि ऑस्ट्रेलियाकडची हवामान परिस्थितीही विचारात घेतली. त्यांच्या अंदाजांची टिपणे लांबलचक असत. तरीही १८९९ मध्ये त्यांनी सरासरीपेक्षा चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात शतकातील अत्यंत वाईट अवर्षणांपैकी एक आले. विक्रम संवत १९५६ मधला हा दुष्काळ राजस्थानात 'छप्पनिया' आणि गुजरातेत 'छपनो' या नावाने लोकांच्या बोलण्यात आजही आहे. वर्तमानपत्रांनी हवामान विभागावर टीकेची झोड उठवली. पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता तो सरकारपुरता गोपनीय ठेवण्यात आला.

चूक झाली की अंदाज लपवणे, हा एक मार्ग. चूक कुठे झाली हे मोजणे, हा दुसरा. पुढच्या माणसाने दुसरा मार्ग घेतला.

गणितज्ञ हवामान खात्यात येतो

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर विभागाचे प्रमुख झाले. ते हवामानशास्त्रज्ञ नव्हतेच. केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते १८८९ चे सीनियर रँग्लर होते. हाच मान दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, आपल्या र. पु. परांजपे यांनी मिळवला आणि ते 'रँग्लर परांजपे' म्हणून ओळखले गेले. १९१३ मध्ये मद्रासच्या दौऱ्यावर असताना वॉकर यांनी रामानुजन यांचे गणित पाहिले आणि या तरुणाला संशोधनासाठी मदत द्यावी असे मद्रास विद्यापीठाला कळवले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तेच हे वॉकर.

त्यांनी ठरवले की आधी सिद्धान्त मांडायचा नाही, आधी आकडे मोजायचे. जगभरातील वायुदाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांचा भारतातील पावसाशी सहसंबंध काढला. सहसंबंध म्हणजे तुमच्या अभियांत्रिकी गणितातले कोरिलेशन. आज संगणकाला हे काम क्षणाचे आहे. तेव्हा कार्यालयातील भारतीय कारकुनांनी ते हाताने केले. १९०९ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या सूत्रात चार गोष्टी होत्या : हिमालयातील बर्फ, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब, मॉरिशसचा वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस. तुमच्या पुस्तकात जे 'मल्टिपल रिग्रेशन' म्हणून येते, त्याच्या सर्वांत जुन्या व्यावहारिक उपयोगांपैकी हा एक.

या कामात धोका कुठे आहे, हेही वॉकर यांनी १९१४ मध्येच दाखवून दिले. समजा, निव्वळ योगायोगाने संबंध दिसण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे वीसात एक आहे. तुम्ही एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वीस जोड्या तपासल्या, तर त्यातली एखादी 'जुळलेली' दिसण्याची शक्यता बरीच असते. शेकडो जोड्या तपासून सर्वांत चांगली तेवढी निवडली, तर ती योगायोगाचीच निघण्याचा संभव मोठा. म्हणून निवडलेल्या जोडीला अधिक कडक कसोटी लावावी लागते. हा मुद्दा आज विदाविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

या मोजणीतून १९२० च्या दशकात एक मोठी गोष्ट हाती आली. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात वायुदाब वाढला की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तो उतरतो, आणि उलट. एखाद्या मोठ्या तराजूसारखे हे वरखाली होणे. वॉकर यांनी त्याला 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले. ते का घडते, हे त्यांना सांगता आले नाही. यंत्रणा माहीत नसलेल्या नुसत्या आकड्यांवर त्यांच्या काळातील अनेकांचा विश्वास बसला नाही.

शिवाय एक विचित्र अडचण होती. वॉकर यांच्यानंतर विभागाचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये ती नेमकी मांडली. भारतातील पावसाचा या आंदोलनाशी असलेला संबंध पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत बलवान असतो, आधीच्या महिन्यांत क्षीण. ज्याच्या अंदाजासाठी सारी शोधाशोध केली, त्या मान्सूनवरूनच इतर ठिकाणचे हवामान सांगणे जास्त सोपे होते!

पेरूच्या किनाऱ्यावरचा धागा

दरम्यान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पेरूच्या कोळ्यांना एक वेगळी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी गरम होते आणि मासळी कमी होते. बाळ येशूच्या नावावरून ते त्याला 'एल निनो' म्हणत. काही वर्षी हे गरम होणे फार वाढते आणि लांबते.

हे दोन धागे जुळायला १९६९ साल उजाडावे लागले. जेकब ब्यर्कनेस यांनी दाखवले की समुद्राचे तापमान आणि हवेचा दाब ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत. सामान्य वर्षी पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे गरम पाणी पश्चिमेकडे ढकलतात. इंडोनेशियाच्या आसपास हवा वर चढते, पाऊस पडतो आणि ती हवा पेरूच्या बाजूला खाली उतरते. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात. गरम पाणी पूर्वेकडे सरकते, त्याच्याबरोबर हवा वर चढण्याची जागाही सरकते. आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते आणि ढग वाढायला अडथळा येतो. ब्यर्कनेस यांनी या चक्राला 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. वॉकर त्याआधी अकरा वर्षांपूर्वी, १९५८ मध्ये, वारले होते.

१९८८ ते २००२

हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले सोळा निकषांचे प्रारूप १९८८ पासून वापरात आले. पुढची चौदा वर्षे, २००१ पर्यंत, देशाचा एकूण पाऊस एकदाही दुष्काळाच्या पातळीला उतरला नाही आणि प्रारूपाचे कौतुक झाले.

२००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के. जुलै, म्हणजे पेरणीचा ऐन महिना, जवळपास निम्म्या पावसावर गेला. सोळापैकी अनेक निकषांचे मान्सूनशी असलेले नाते काळाच्या ओघात सैल झाले होते, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले. चौदा चांगल्या वर्षांत प्रारूपाची खरी परीक्षा झालीच नव्हती. २००३ पासून विभागाने नवी प्रारूपे घेतली आणि अंदाज दोन टप्प्यांत देण्यास सुरुवात केली. आज आकड्यांतील संबंधांच्या जोडीला समुद्र आणि वातावरण यांचे भौतिक नियम संगणकावर सोडवणारी प्रारूपेही वापरली जातात.

१९९७ चे कोडे सोडवायला आणखी एक शोध मदतीला आला. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातील द्विध्रुवाचे वर्णन केले. या महासागराची पश्चिम बाजू गरम आणि पूर्व बाजू थंड झाली, तर तो धन द्विध्रुव. तो मान्सूनला बहुधा हातभार लावतो आणि एल निनोचा परिणाम काही अंशी कमी करू शकतो. १९९७ मध्ये असा धन द्विध्रुव होता.

मग वहीत काय लिहायचे?

एल निनो आणि भारतीय मान्सून यांच्यातील सहसंबंध गुणांक साधारणपणे उणे ०.५ ते उणे ०.६ च्या आसपास मिळतो. तुम्ही अभियंते आहात, त्याचा वर्ग करा : ०.२५ ते ०.३६. म्हणजे पावसातील वर्षागणिक चढउतारांपैकी पाव ते सुमारे एक तृतीयांश भागाचा मेळ एल निनोशी बसतो. उरलेला मोठा भाग इतर कारणांचा. शिवाय हे नाते दशकागणिक कमीजास्त होते. म्हणून वहीत असे लिहा : 'एल निनोमुळे भारतात कमी पावसाची शक्यता वाढते, खात्री होत नाही.' विधान-कारण प्रकारच्या प्रश्नात 'नेहमी' हा शब्द दिसला की या ओळीची आठवण ठेवा.

आता तो राहिलेला मुद्दा. २००२ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे २१.३ कोटी टनांवरून सुमारे १७.५ कोटी टनांवर आले. शेतकऱ्यांचे हाल झाले, पण १८७७ सारखी लाखोंची मनुष्यहानी झाली नाही. त्या उन्हाळ्यात सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य होते. अंदाज १८९९ मध्ये चुकला तसाच २००२ मध्येही चुकला. फरक पडला तो तयारीने. तुमच्यापैकी काही जण उद्या जिल्हाधिकारी, पाटबंधारे अभियंता किंवा कृषी अधिकारी व्हाल. टेबलावर अंदाजाचा कागद येईल, तेव्हा त्यातला आकडा खरा ठरेल असे धरून चालू नका. तो चुकला तर आपल्या तालुक्यात पाणी, चारा आणि धान्य किती दिवस पुरेल, हे आधी मोजा.

स्वतः सोडवून पाहा

१. दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरली (१९७१ ते २०२०), तर ८१ टक्के पाऊस म्हणजे किती सेंटीमीटर? ९६ ते १०४ टक्के ही 'सामान्य' श्रेणी सेंटीमीटरमध्ये मांडा.

२. दक्षिणी आंदोलन, वॉकर अभिसरण आणि एल निनो यांतील फरक प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

३. 'पावसाचा अंदाज अचूक असता तर १८७६-७८ चे बळी टळले असते.' या विधानाच्या दोन्ही बाजू २०० शब्दांत मांडा.

४. तुमच्या जिल्ह्याची मागील तीस वर्षांची पावसाची आकडेवारी मिळवा, एल निनोची वर्षे त्यात खुणा करून ठेवा आणि सहसंबंध स्वतः काढा. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर का जुळले नाही याचा विचार करा.